पहिली कुदळ मारण्याआधी: कमी पावसाच्या गावात पाणलोटाचं काम कसं सुरू करायचं

दिवाळी झाली की दरवर्षी कुणाचा तरी फोन येतो. बहुतेकदा तिशीतला मुलगा किंवा मुलगी, शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली. मूळ गाव माण, खटाव, आटपाडी, सांगोला, कर्जत, आष्टी असं कुठलं तरी. "गावात पाण्याचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" आणि दुसरा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "पोकलेन तासाला किती घेतो?"

त्या फोनवर जे सांगतो ते इथं सविस्तर लिहितोय. पोकलेनची पाळी यात फार उशिरा येते, आणि कित्येक गावांत ती येतही नाही.

मी माणदेशातला. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेच ढग सह्याद्री ओलांडून आमच्या डोक्यावर येतात तेव्हा रिते झालेले असतात. माण तालुक्याच्या वाट्याला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस येतो, तोही बराचसा वळवाचा आणि परतीचा. वर्षाचं पाणी मोजक्या दिवसांत धो धो पडतं, ओढ्याला लाल पूर येतो आणि तिसऱ्या दिवशी ओढा कोरडा. पाऊस कमी आहे हे खरंच आहे, पण तो ज्या घाईनं येऊन जातो त्यानं जास्त नुकसान होतं. आपल्याला ती घाई मोडायची आहे, पाणलोटाचं काम म्हणजे तेच.

पहिलं काम: एक पावसाळा नुसतं मोजायचं

हे ऐकलं की नवीन माणसाचा चेहरा उतरतो. हातात कुदळ घेऊन आलेल्याला मी डबा आणि दोरी देतो. पण मोजल्याशिवाय कुदळ मारली की तीन वर्षांनी काम उपयोगी पडलं की नाही हेच कुणाला सांगता येत नाही. मग चावडीवर नुसते वाद होतात.

पाऊस मोजायला उभ्या भिंतींचा, तळाशी आणि तोंडाशी सारखाच रुंद असा डबा लागतो. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खात्याची नोंदही याच वेळेची असते, म्हणजे पुढं तालुक्याच्या आकड्याशी पडताळता येतं. जमलं तर शाळेतल्या मुलांकडं हे काम द्या. माझा अनुभव असा की मुलं एक दिवसही चुकवत नाहीत. मोठी माणसं चुकवतात.

एक हिशेब मात्र पाठच करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं शिवार १,००० हेक्टर असेल आणि वर्षात ४५० मिलिमीटर पडला, तर ४५० कोटी लिटर पाणी आभाळातून शिवारात उतरलं. सरकारी कागदावर 'टीसीएम' असं लिहिलेलं दिसेल, ते म्हणजे हजार घनमीटर, अर्थात १० लाख लिटर. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला की काही क्षण कुणी बोलत नाही. "एवढं पाणी येतं, मग जातं कुठं?" हा प्रश्न लोकांनी स्वतः विचारायला हवा. तुम्ही घाईनं उत्तर देऊ नका.

आता विहिरी. शिवारातल्या पंधरा-वीस विहिरी निवडा: काही माथ्याजवळच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या. काठावर रंगानं एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून वजन बांधलेला टेप सोडून पाणी किती खाली आहे ते लिहा. पहाटे मोजा, मोटारी सुरू व्हायच्या आत. उपसा चालू असताना घेतलेला आकडा फसवतो. दर महिन्याला जमलं तर उत्तम, नाहीतर जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर हे चार महिने चुकवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते. सगळे आकडे देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसतील असे लिहा. वहीत लिहिलेला आकडा तुमच्यापुरता राहतो, भिंतीवरचा गावाचा होतो.

शिवारफेरी: खालून वर चालत जा

पावसाळ्यातच दोन-तीन वेळा शिवार चाला. ओढा जिथं गावाबाहेर पडतो तिथून सुरू करा आणि पाण्याच्या उलट्या दिशेनं माथ्यापर्यंत जा. बरोबर गावातले दोन म्हातारे घ्या, एक पूर्वी विहिरी खोदणारा आणि एक मेंढरं राखणारा. विहीर खोदणाऱ्याला कुठं किती परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) पाणी लागलं होतं हे आठवतं. मेंढक्याला कुठला पाणवठा कुठल्या महिन्यात आटतो ते माहीत असतं. मला नकाशावरून जे कधी कळलं नसतं ते या दोन प्रकारच्या माणसांनी एका सकाळीत दाखवलं आहे.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकाला वाळूसारखी पोकळी नसते. पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. शंभर भाग मुरमात दोन-तीन भाग पाणी मावतं, त्याहून फार नाही. म्हणून आपली भूगर्भातली टाकी उथळ आणि लहान आहे. ती एका चांगल्या पावसात भरते आणि एका हंगामात रिकामीही होते. पाचशे-सहाशे फूट खोल बोअर घेऊन जे पाणी लागतं ते बहुधा खोल भेगांत फार पूर्वी मुरलेलं असतं. ते उपसलं की लवकर परत येत नाही. विहिरीत वाकून थर बघायला शिका: माती किती, मुरूम किती, कातळ कुठं सुरू होतो, आणि पाझर कुठल्या बाजूनं येतो. ज्या बाजूनं पाझर येतो त्या बाजूच्या चढावर तुमचं काम आहे.

फिरताना गावनकाशाच्या प्रतीवर तीन गोष्टी खुणेनं मांडत जा: उघडा उतार कुठं आहे, माती वाहून घळी कुठं पडल्यात, आणि जुनी कामं कुठली. जुन्या कामांकडं नीट बघा. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढं रोजगार हमीत आपल्याकडं पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती पुष्कळ झाली. त्यातलं बरंच गाळानं भरून किंवा फुटून पडलंय. गावात नवीन काम करण्याआधी मी नेहमी जुनं दुरुस्त करायला सांगतो. खर्च थोडा लागतो, जागेचा वाद नसतो, आणि पहिल्याच पावसात परिणाम दिसला की लोकांचा विश्वास बसतो.

माणसं: अडवण्याआधी वाटणी ठरवा

इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण पाणलोटाची बरीच कामं याच जागी मोडलेली मी पाहिली आहेत.

टेकडीवर चर खणले की पाणी कुणाच्या विहिरीला वाढतं? पायथ्याच्या, ओढ्याकाठच्या शेतकऱ्याच्या. त्याची जमीन आधीच बरी असते. चर खणायला आलेली निम्मी माणसं मात्र माथ्यावरच्या बरड जमिनीची किंवा भूमिहीन घरांतली. आणि चराई बंद झाल्यामुळं ज्याची मेंढरं अडतात तो धनगर तर काहीच न मिळवता सगळं देतो. हे बोलून दाखवल्याशिवाय श्रमदानाचं आवाहन करू नका. पहिल्या वर्षी लोक उत्साहानं येतात. दुसऱ्या वर्षी पायथ्याला ऊस दिसला की माथ्यावरची घरं येत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही.

विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात हा प्रश्न मुळातून हाताळला. देवस्थानची ४० एकर पड जमीन घेऊन त्यांनी आधी स्वतः प्रयोग केला आणि मग पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही प्रत्येक नव्या माणसानं वाचावेत असे आहेत: पाणी जमिनीच्या एकरावर नाही तर घरातल्या माणसांवर वाटायचं, माणशी अर्ध्या एकराचं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क, पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही, उसाला पाणी नाही. खर्चाचा वाटा लोकांनी स्वतः उचलायचा. तुमच्या गावात हेच सगळं जसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाही. पण यातला कुठला नियम आपल्याला मान्य आहे हे विहिरी कोरड्या असतानाच ठरवा. पाणी दिसल्यावर कुणी काही सोडत नाही.

हिवरे बाजारनंही तेच केलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा गाव मोडकळीला आलं होतं, पाऊस चारशेच्या आसपास. तिथं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आधी स्वीकारली गेली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे ग्रामसभेनं ठरवलं. लोक तिथं सहलीनं जातात आणि हिरव्या टेकड्यांचे फोटो काढून परत येतात. तुम्ही गेलात तर फोटोआधी त्यांचा पाण्याचा ताळेबंद बघा आणि ग्रामसभा कशी चालते ते विचारा.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. पहिली बैठक ग्रामपंचायतीच्या कचेरीत घेऊ नका. देवळात घ्या, वस्त्यांवर जाऊन वेगळ्या घ्या. बायकांची बैठक त्यांच्या सवडीनं, म्हणजे दुपारी किंवा रात्री भांडी झाल्यावर. पाण्याची खेप कोण घालतं हे डोक्यात ठेवलं तर ही बैठक सगळ्यात आधी होईल. तुम्ही शहरातून आलेले असाल तर बोलणं तात्या, अण्णा, मामी, वहिनी याच नात्यानं करा. साहेबी भाषा आणि प्रोजेक्टर मागं ठेवा. कुठल्याही एका गटाच्या गाडीतून गावात फिरू नका. आणि निर्णय झाला की तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठराव क्रमांकासह लिहून घ्या.

परवानग्या थोडक्यात: खासगी जमिनीला मालकाची गट नंबरासह लेखी संमती, गायरानाला ग्रामपंचायतीचा ठराव, वनजमिनीला वनविभागाची परवानगी आधी आणि काम नंतर. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) आणि मृद व जलसंधारण विभागाच्या अभियंत्याला पहिल्या महिन्यातच भेटा. आराखडा तयार असलेल्या गावाला रोजगार हमीतून आणि इतर योजनांतून मजुरी मिळणं सोपं जातं.

माथ्यावरची पहिली रेघ

नियम एकच, माथा ते पायथा. वरचं काम झाल्याशिवाय खालचं धरायचं नाही. वर पाणी सुटं राहिलं की ते खालचा बंधारा गाळानं भरतं किंवा फोडून नेतं.

उतारावर सलग समतल चर खणायचे असतात. 'समतल' हा शब्द महत्त्वाचा. चराचा तळ एका पातळीत नसेल तर तो पाणी अडवत नाही, उलट पाट होऊन वाहून नेतो. आम्ही पहिल्या वर्षी उत्साहात एक लांब चर डोळ्याच्या अंदाजानं खणला. जूनमधल्या एका वळवात सगळं पाणी एका टोकाला गोळा झालं, तिथून फुटलं आणि खालच्या एका म्हाताऱ्या बाईच्या बाजरीच्या वावरात घळ पडली. ते वावर आम्ही सगळ्यांनी मिळून पाटीनं माती आणून भरलं, तरी दोन वर्षं तिथं पीक नीट आलं नाही. त्या बाईनं आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून ए-फ्रेम, म्हणजे पातळी दाखवणारी काठ्यांची चौकट, लावल्याशिवाय मी रेघ मारू देत नाही.

ए-फ्रेम घरी बनते. सात फुटांच्या दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधा, पाय चार-पाच फूट फाकवा, मधे आडवी काठी घट्ट बांधा. शेंड्यापासून सुतळीला दगड लटकवा, तो आडव्या काठीच्या खाली यायला हवा. आता जमिनीवर दोन्ही पायांच्या जागी खुणा करा आणि सुतळी आडव्या काठीला जिथं टेकते तिथं पेन्सिलीनं रेघ मारा. मग फ्रेम उलटी फिरवून डावा पाय उजव्याच्या जागी आणि उजवा डाव्याच्या जागी ठेवा. सुतळी दुसरीकडं टेकेल, तिथंही रेघ मारा. या दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे तुमची समपातळीची खूण. झाली ए-फ्रेम तयार.

उतारावर एका बिंदूपासून सुरू करा. एक पाय तिथं ठेवा, दुसरा पाय वर-खाली सरकवत सुतळी मधल्या खुणेवर येईपर्यंत हलवा. ती जागा पहिल्या बिंदूच्या पातळीत आली. तिथं फक्की (पांढरी भुकटी) टाका आणि त्या पायावर फ्रेम फिरवून पुढं चला. वारा असेल तर सुतळी हलते, म्हणून हे काम सकाळी करा. फक्कीची रेघ टेकडीच्या अंगानं वाकडीतिकडी जाईल. तिला सरळ करायचा मोह होतो. करू नका, ती वाकडी आहे म्हणूनच बरोबर आहे.

चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. एक मीटर लांबीत १८० लिटर पाणी थांबतं, १०० मीटरच्या ओळीत १८,००० लिटर, आणि ते दर मोठ्या पावसाला. निघालेली माती खालच्या बाजूला टाका, चराच्या काठाला लागून नको, वीतभर जागा सोडून, नाहीतर तीच परत आत येते. दर दहा-पंधरा मीटरला हातभर न खोदलेली जागा आडवी सोडा. म्हणजे एका ठिकाणी चूक झाली तरी सगळी ओळ रिती होत नाही. जिथं दोन-चार इंचांखाली सलग कातळ आहे तिथं खणू नका, तिथं दगडांची आडवी रांग लावा. आणि काळ्या जमिनीच्या वावरात तर चर मुळीच नको, पाणी साठून पीक पिवळं पडतं. तिथं बांध आणि त्याला जास्तीचं पाणी बाहेर सोडायला दगडी सांडवा.

कामाला दिवस धरा दिवाळीनंतरचे. जमिनीत ओल असते, टिकाव सहज रुततो. एप्रिलमध्ये त्याच मुरमातून ठिणग्या निघतात. सकाळी उजाडताना सुरू करून नऊला थांबा. पिण्याचं पाणी, टोप्या, आणि हाताला फोड आले तर बांधायला कापड बरोबर ठेवा. नवख्या माणसाचे सकाळभरात दोन-तीन मीटर झाले तरी पुष्कळ झाले. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये पहिला नंबर काढला तेव्हा ४५ दिवस उन्हाळ्यात सगळं गाव खपलं होतं. स्पर्धेनं असा जोर येतो. पण तुमच्या गावात स्पर्धा नसेल तर आठवड्याला एक सकाळ आणि सहा महिने, हा वेग टिकतो.

ओढा, आणि पोकलेनचा प्रश्न

माथा बांधला की घळीत उतरा. लहान घळीत सुट्या दगडांचे बांध घाला. मोठे दगड बाहेरच्या तोंडांना, लहान आत, आणि मधला भाग दोन्ही बाजूंपेक्षा वीतभर खाली, म्हणजे पाणी मधूनच जाईल आणि काठ कापणार नाही. दोन्ही टोकं काठात खोल घुसवा. दगड जवळचेच घ्या, पण उतारावर मातीत रुतलेला दगड उपटू नका. तो आधीच माती धरून बसलेला असतो. घळ मोठी असेल तर जाळीचा बंधारा लागतो, सिमेंटचा बंधारा तर अभियंत्याच्या हाताखालीच व्हायला हवा.

गाळ काढायला यंत्र लागतं, ते मान्य. पाझर तलावातला गाळ काढून बरड वावरात पसरला तर दोघांचं भलं होतं. मात्र गाळ संपून मुरूम दिसला की थांबा, आणि भरावाच्या पायाजवळ मुळीच खोदू नका. ओढा खोल-रुंद करण्याबद्दल माझं मत कडक आहे. यंत्र लागलं की पायाखालचा मुरूमही जातो आणि कातळ उघडा पडतो. ज्या थरात पाणी मुरून राहायचं तोच थर आपण ट्रॅक्टरनं नेऊन रस्त्यावर टाकतो. डबक्यात पाणी दिसतं, छान फोटो येतो, आणि शेजारच्या विहिरीतलंच पाणी पाझरून त्या डबक्यात आलेलं असतं, उन्हात उडून जायला.

प्लॅस्टिकच्या शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी धरणारं शेततळं वेगळं. विहीर आणि बोअरमधून उपसून भरलेलं, तळाला कागद टाकलेलं तळं म्हणजे सगळ्यांच्या टाकीतलं पाणी एकाच्या कुंपणात नेणं. बाग जगवायला शेतकरी ते करतो, त्याची अडचण मला कळते. पण गावाच्या ताळेबंदात त्याची नोंद उपसा म्हणूनच झाली पाहिजे.

माळरान रिकामं नसतं

नवीन गट पावसाळा आला की रोपं मागतात. हजार खड्डे, हजार रोपं, टेकडीवर उत्सव. मी त्यांना विनवतो की माळावर झाडं लावू नका, आधी गवत येऊ द्या.

आपल्या भागातला उघडा माळ हा तुटलेल्या जंगलाचा उरलेला तुकडा नाही. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचं ते स्वतःचं रान आहे. लांडगा, कोल्हा, चिंकारा, काळवीट, धाविक पक्षी यांचं घर तेच. कर्जतजवळच्या रेहेकुरीत काळवीट आणि सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये माळढोक राहिले ते गवताच्या जोरावर. तिथं गिरीपुष्प आणि सुबाभळीची दाट लागवड केली की गवत मरतं, सावलीखालची जमीन उघडी पडते आणि माती पुन्हा वाहायला लागते. माती धरण्यात गवताच्या मुळांची सर कुठल्याच चराला नाही. चर दहा वर्षांत भरेल, गवत दर पावसात नवं होतं.

झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी, बांधावर, वस्तीजवळ, आणि इथलीच: बोर, हिवर, बाभूळ, कडुनिंब, खैर. तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्या घराचं नाव प्रत्येक रोपापुढं लिहिल्याशिवाय खड्डा घेऊ नका.

गवत यायला चराईबंदी लागते, आणि इथंच धनगरांशी बोलणं येतं. अडचण अशी की गवताला विसावा हवा पावसाळ्यात, आणि दिवाळीनंतर कोकणाकडं जाणारी मेंढरं नेमकी पावसाळ्यात माळावर परतलेली असतात. सगळा माळ एकदम बंद केला तर तुम्ही एका समाजाचं पोट बंद करता, आणि ती बंदी रात्रीत मोडते. आमच्याकडं जमलं ते असं: माळाचे तीन भाग, दर वर्षी एक भाग बंद, बाकी दोन खुले, आणि बंद भागातलं गवत दसऱ्यानंतर बी गळून गेल्यावर विळ्यानं कापून न्यायला मोकळीक. कुठला भाग आधी बंद करायचा हे मेंढक्यांनीच ठरवलं. राखण्याचं कामही त्यांच्यातल्याच एकाकडं दिलं.

ऑक्टोबरचा ताळेबंद

पाऊस संपला की विहिरी मोजा आणि रब्बीची पेरणी ठरायच्या आत ग्रामसभा घ्या.

जमा बाजू: उन्हाळ्याच्या शेवटी असलेल्या पातळीपेक्षा विहिरींचं पाणी सरासरी किती वर आलं? आपल्या मुरमात दोन टक्के पाणी मावतं असं धरलं तर १,००० हेक्टरच्या शिवारात पातळी एक मीटर वाढणं म्हणजे सुमारे २० कोटी लिटर. तीन मीटर वाढली तर ६० कोटी. तलाव-बंधाऱ्यातलं पाणी यात मिळवा. हा अंदाज आहे, ताशीव आकडा नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोजलेला आहे.

खर्च बाजू: २,००० माणसांना रोज ५५ लिटरप्रमाणं वर्षाला चार कोटी लिटर. दीड हजार मोठी जनावरं, रोज ५० लिटर, पावणेतीन कोटी. तीन हजार शेळ्या-मेंढ्या, पाच लिटर, अर्धा कोटी. म्हणजे अख्ख्या गावाचं आणि गुराढोरांचं वर्षाचं पिणं झालं सव्वासात कोटी. हे पाणी आधी बाजूला काढायचं, आणि पुढचा पाऊस लांबला तर म्हणून दोन-तीन महिन्यांचं जास्तीचं.

आता एक हेक्टर ऊस. त्याला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचं वजा केलं तरी दीड कोटी लिटर उपसावं लागतं. पाच हेक्टर ऊस म्हणजे सगळ्या गावाच्या आणि जनावरांच्या वर्षभराच्या पिण्याइतकं पाणी. तेवढ्याच दीड कोटी लिटरमध्ये वीस-बावीस हेक्टर रब्बी ज्वारीला एकेक संरक्षित पाणी देता येतं, आणि मालदांडी ज्वारी एवढ्यावर कडब्यासकट उभी राहते. हा हिशेब मी कधी भाषणात सांगत नाही. फळ्यावर गुणाकार करायला गावातल्याच एखाद्या दहावीच्या मुलीला उभं करतो आणि खडू तिच्या हातात देतो.

उरलेल्या पाण्यात काय बसतं ते मग गाव ठरवतं: ज्वारी, करडई, हरभरा, थोडा भाजीपाला, आहे तेवढ्या डाळिंबाला ठिबक. पाऊस कमी झाला त्या वर्षी कांदा कमी. ठराव पीकवार, एकरवार लिहा.

दुसरं वर्ष आणि त्यानंतर

पहिल्या मोठ्या पावसात घोंगडं नाहीतर छत्री घेऊन माथ्यावर जा. पाणी कुठल्या चरातून उतू जातंय तिथं दगडाची खूण करा, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा. दर मे महिन्यात चरातली माती काढा, ढासळलेले दगड लावा. याला दोन सकाळी पुरतात.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास, पावसानं साथ दिली तर, मार्चमध्येही विहिरीला पाणी राहील. तेव्हाच एके रात्री गावात बोअरच्या गाडीचा आवाज येईल. कायद्याचा आधार तुमच्याकडं आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आहे. गरज पडली तर तहसीलदारांकडं जा. पण त्या रात्री आधी त्या घरी जा, एकटे नाही, गावातल्या वडीलधाऱ्या दोघांना घेऊन. चहा घ्या. त्याची बाग किती झाडांची आहे, झाडामागं रोज किती लिटर लागतं, मेच्या अखेरपर्यंत किती दिवस काढायचे आहेत, हे त्याच्याच अंगणात बसून वहीवर मांडा. शेजारच्या विहिरीतून तेवढं पाणी चार महिने उसनं देता येतं का, ते त्याच बैठकीत विचारा. आमच्या गावात एकदा गाडी अशीच रात्री अकराला परत गेली, भाड्याचे पैसे तिघांनी वाटून दिले, आणि त्या बागेला शेजारच्यांनी जूनपर्यंत दिवसाआड दोन तास पाणी दिलं.